झिंगलेली चंद्री

“सर, दारू न पिता शेळी झिंगते का?”

सगळी नववी ‘ब’ खदाखदा हसली. मागच्या बाकावर प्रतिक्षा आणि चैताली एकमेकींच्या अंगावर पडत होत्या, कारण हा प्रश्न त्यांनीच मला पैजेवर विचारायला लावला होता. विचारलास तर आठवडाभर दोघींच्या डब्यातली शेंगाचटणी तुझी, असं ठरलं होतं. मागच्या वर्षी मी हातसुद्धा वर केला नसता. पण खो-खोच्या फायनलला मी एका डावात चौघींना बाद केलं आणि तेव्हापासून दिपीचा आवाज लई वाढलाय, असं आमची आई सगळ्या गल्लीला सांगते.

पोरींना ती गंमत वाटत होती. मला नव्हती वाटत. आमची चंद्री खरंच झिंगत होती. कान पाडून उभी राहायची, चालायला लागली की मागचे पाय वाकडे पडायचे. त्यात ती गाभण. आदल्या दिवशी जेवताना माझे वडील, आण्णा, म्हणाले होते, “मरायच्या आत नातेपुत्याच्या बाजारात न्हेऊन मोकळा हुतो.” आजारी शेळीला बाजारात कोण घेतं, ते मला ठाऊक आहे. सुरीवाला घेतो.

रेबीजची माहिती सांगायला आलेले जनावरांचे डॉक्टर राजशेखर सर मात्र हसले नाहीत.

“खायला काय घालता तिला?”

“शेवरीचा पाला, कडबा. आणि भरडलेल्या मक्याची चुनी. गाभण आहे म्हणून डब्बल.”

“चुनी कशात ठेवता?”

“पोत्यात. भुगा उडतो ना सर, आईला शिंका येतात. म्हणून ती रोज वरून पाणी शिंपडते.”

सरांनी हातातला खडू खाली ठेवला. “घरी गेलीस की पोत्यात कोपरापर्यंत हात घाल. आत गरम लागलं तर मला फोन कर.”

घरी गेले, दप्तर फेकलं, हात घातला. अंड्यावर बसलेल्या कोंबडीखाली लागतं तसं आत ऊबदार! मूठ बाहेर काढली तर चुनीचा हिरवट गोळा निघाला आणि त्याला पावसाळ्यातल्या मोज्यांचा वास.

मी फोन केला तसे संध्याकाळी सर मोटरसायकलवरून आले. त्यांनी चंद्रीचे डोळे पाहिले, पोट दाबलं, इंजेक्शन दिलं आणि तपासायला पाठवण्यासाठी थोडी चुनी पिशवीत भरून घेतली.

“चुनीला बुरशी आलीय. बुरशी विष सोडते, त्याचीच ही झिंग दिसते. आजपासून चुनी बंद.”

“त्यात काय एवढं,” आण्णा म्हणाले. “कडक उन्हात पसरतो की. जळून जातीया बुरशी.”

“बुरशी जाते हो मालक, विष जात नाही. वाळवा, धुवा, शिजवा, ते तिथंच बसतं.”

“मग कोंबड्यांना टाकतो.”

“कोंबड्या तर शेळीच्या आधी आडव्या होतील!”

एवढ्यात कुंपणापलीकडून शेजारच्या केराबाई आण्णांना म्हणाल्या, “आजिनाथ, टाकायचीच हाय तर मला दे बाबा. माझी म्हैस दगड पचवती.”

“न्हाय!” मी एवढ्या मोठ्यानं ओरडले की सरही दचकले. “काकू, म्हैस पचवंल, पण विष दुधातनं तुमच्या चहात उतरंल!”

“खरं सांगतेय पोरगी,” सर म्हणाले. केराबाईंनी हातातल्या कपाकडे असं काही पाहिलं, की आण्णासुद्धा हसले.

हसली नाही ती आई. ती पोत्याजवळ बसून होती. “मीच की रोज पानी घालत हुते. चांगलं खायला घालते म्हनून...”

“ताई, निम्मा गाव घालतो पाणी,” सर म्हणाले. “कुणी सांगितलंच नाही, तर कळणार कसं?”

ते वाक्य माझ्या डोक्यात रुतून बसलं.

आण्णांनी घरामागच्या परड्यात खड्डा खणला, मी पोतं ओढत नेलं, आईनं वरून माती लोटली. हात धुता धुता आण्णा म्हणाले, “हे बग दिपे, बाजारापतूर सुधारली तर ठिवू. न्हाय तर माझ्याच्यानं तिचे हाल बगवत न्हाईत.”

मग मी चंद्रीची आई झाले. सरांचं औषध पाजलं, शेवरी तोडून आणली, शाळेतल्या सगळ्या गोष्टी तिला सांगितल्या. पैजेतल्या शेंगाचटणीचं आमिषही दाखवलं, तर ती शिंकली! पण एके दिवशी तिनं कान उभे केले. मग रवंथ सुरू झाला. चाल मात्र वाकडी ती वाकडीच.

बाजाराचा दिवस उजाडला. शाळेला सुट्टी होती. आण्णा दावं घेऊन अंगणात आले आणि मी डोळे मिटून घेतले.

“आयला!”

डोळे उघडले तर चंद्री आण्णांच्या मोटरसायकलवर! एवढं पोट घेऊन, चारी पाय सीटवर रोवून उभी, आणि हँडलला अडकवलेल्या बाजाराच्या पिशवीचा बंद कचाकचा चावतेय. डुलणं नाही, झुकणं नाही. आई पदर तोंडाला लावून हसत होती. आण्णांनी दावं खुंटीला टांगलं, चंद्रीला अलगद खाली उतरवलं आणि तिच्या पाठीवरून हात फिरवला.

“चला, बाजार रद्द.”

तेवढ्यात सरांचा फोन आला. चुनीत खरंच विष निघालं होतं. मला सरांचं तेच वाक्य आठवलं, कुणी सांगितलंच नाही, तर कळणार कसं?

मी चप्पल घातली.

“आण्णा, बाजार रद्द न्हाय. आई, तू पण चल. मी ठरवलंय. चंद्री घरी राहील, आणि मी चुनीच्या दुकानासमोर उभी राहून येईल त्याला विचारणार, ‘काका, घरच्या पोत्यात हात घालून बघितला का?’ आज, आणि सुट्टीच्या दिवशी बाजार येईल तेव्हा दर वेळी. हसू देत हसले तर!”