आपली तक्रार नोंदवली आहे

मित्रांनो, मी पाणीपुरवठा कार्यालयातला एक जुना, काळा टेलिफोन आहे. कारखान्यातून निघालो तेव्हा वाटले होते, कुणाला नोकरी लागली, कुणी पास झाले अशा गोड बातम्या पोहोचवीन. पण कुठले काय! मला बसवले तक्रारींच्या टेबलावर. नळाला पाणी आले नाही की लोक मलाच गाठतात आणि तोंडाला येईल ते बोलतात.

ते सारे ऐकायच्या आमच्या ताई. आवाज न चढवता त्यांचे एकच उत्तर असायचे, "आपली तक्रार नोंदवली आहे. धन्यवाद." त्यांच्या शांतपणाचे साहेबांना भारी कौतुक. पण माझी घंटा वाजली की त्या कशा दचकतात, हे मलाच ठाऊक होते. त्यांचा डबाही हल्ली अर्धा तसाच परत जायचा. एकदा त्यांनी दुसरे टेबल मागितले. साहेब म्हणाले, शिव्या या कानाने ऐकायच्या आणि त्या कानाने सोडून द्यायच्या. मला बापड्याला एकच कान, मला ते कसे पटावे?

मग एके दिवशी मोठी जलवाहिनी फुटली. सकाळपासून मला कुणी दम खाऊ दिला नाही. दुपारी शाळेतून एक बारीक आवाज आला.

"आई, मला खूप ताप आलाय. तू ये ना."

"आपली तक्रार नोंदवली आहे. धन्यवाद," ताई म्हणाल्या आणि रिसीव्हर ठेवला.

आपण कुणाला काय बोललो हे कळले, तशा त्या टेबलावर डोके टेकून हमसून हमसून रडल्या. मला फार वाईट वाटले. साहेबांनी त्यांना लगेच शाळेत पाठवले आणि स्वतः खुर्चीत बसले. तिसऱ्याच फोनवर ते वसकन ओरडले आणि मग स्वतःच ओशाळले.

ताई परत आल्या तेव्हा ते म्हणाले, "चूक तुमची नाही. हे एकट्या माणसाचं काम नव्हतंच."

तेव्हापासून या टेबलावर तिघे पाळीपाळीने बसतात. फोन फारच कडू असला तर ऐकणारा गच्चीवर मोकळ्या हवेत जाऊन येतो. ताईंना मनाच्या डॉक्टरांकडे जायला सुट्टीही मिळाली. त्यांना पुन्हा भूक लागू लागली.

लेकीच्या मनातली भीती मात्र लवकर जाईना. बरी झाल्यावर तिचा पहिला फोन आला, तेव्हा तिने हळूच विचारले, "कोण बोलतंय? आई की ऑफिस?"

ताईंनी मला दोन्ही हातांनी घट्ट धरले. "आई आहे गं. बोल, मी ऐकतेय."

मित्रांनो, तक्रार जरूर करा, पण शब्द जपून वापरा. पलीकडे बसलेल्या बाईला संध्याकाळी आई म्हणूनच घरी जायचे असते.