उस्ताद आणि ढोल्या

"भावजी, गिटार आणलीत ना?" ढोल्याच्या बायकोनं हॉस्पिटलच्या दारातच विचारलं.

"आणलीय वहिनी. पण तारा जुन्या आहेत, आणि बोटं त्याहून जुनी."

तिला हसू आलं नाही. नवऱ्याला पक्षाघात झाल्यापासून तिची झोपच उडाली होती. "बोलत नाहीत, डोळे उघडत नाहीत. चमचा नेला की दात घट्ट आवळतात. उद्यापासून नाकातून नळी घालणार म्हणे."

लिफ्ट बंद होती. जिना चढताना उस्तादला दोनदा भिंतीला टेकावं लागलं.

त्याला गिटार कुणीच कधी शिकवली नव्हती, म्हणून तर चेष्टेनं उस्ताद हे नाव पडलेलं. तरुणपणी तो गाद्यांच्या कारखान्यात स्प्रिंगा बसवायचा. तिथं फोरमनच्या रेडिओवर एकदा ब्लूज, म्हणजे अमेरिकेतल्या काळ्या मजुरांचं गाणं, लागलं. कुणी दमलेला माणूस आपलं दमणंच गात होता आणि गिटार त्याला मधूनमधून हुंकार देत होती. उस्तादच्या हातातली स्प्रिंग हातातच राहिली. मग एक मोडकी गिटार मिळवून, रेडिओला कान लावून, बोटांची सालटं काढत तो ते शिकला. पॅकिंगमधला ढोल्या ड्रम वाजवायचा. दोघांची जोडी जमली. हॉटेलं, गुत्ते, लग्नं, बोलावतील तिथं दोघं गेले. लोकांना नाचायला हवं ते वाजवायचं आणि वेटर टेबलं पुसायला लागले, की आपलं ब्लूज.

एकदा कुणीतरी दूरच्या शहरांचा मोठा दौरा देऊ केला. त्याच महिन्यात ढोल्याची बायको बाळंत व्हायची होती. तो येत नाही म्हणाला. "भित्रा आहेस तू," उस्ताद म्हणाला, आणि एकटाच गेला. तिकडं त्याची एक रेकॉर्ड निघाली. नवा ड्रमवाला अगदी घड्याळासारखा वाजवायचा. ढोल्याचा ठेका कायम जरासा मागं रेंगाळायचा. त्या रेंगाळण्यातच गाण्याचा जीव होता, हे उस्तादला रेकॉर्ड ऐकल्यावर कळलं. ती कुणी विकत घेतली नाही. तो परत आला, पुन्हा स्प्रिंगांकडे गेला, पण ढोल्याच्या दारात काही गेला नाही. तू आधी बोल, मी आधी बोलू, यातच दोघं म्हातारे झाले. शेवटी वहिनीनंच फोन करून त्याला बोलावलं.

वॉर्डात ढोल्या भिंतीकडे मान कलंडून पडला होता. एवढा धिप्पाड माणूस, पण चादरीखाली असून नसल्यासारखा. उस्ताद स्टुलावर बसला. गिटार मांडीवर घेऊन वाजवायलाच लागला. पहिलाच सूर फसला.

"अहो, जरा आनंदाचं काही वाजवा की!" पलीकडच्या खाटेवरचा पेशंट म्हणाला.

दोघांनी मिळून बसवलेली ती जुनी, संथ चालच उस्तादनं धरली. बराच वेळ काहीच झालं नाही. मग खाटेच्या लोखंडी कठड्यावर टक्क वाजलं. ढोल्याच्या डाव्या हाताचं बोट. पुन्हा टक्क, फार उशिरानं. उस्ताद पुढं निघून गेला होता. तो थांबला, मागं आला आणि पुढच्या ठोक्याची वाट पाहत तार नुसतीच दाबून बसला. ठोका आला, तेव्हाच त्यानं पुढचा सूर सोडला.

"घे, सावकाश घे," तो पुटपुटला. "चुकलंच माझं तेव्हा."

ढोल्यानं डोळे उघडले. त्याच्याकडे बघितलं. तोंडाचा एक कोपरा हलला. हसला की शिवी दिली, ते समजायला मार्ग नव्हता.

बायकोनं घाईघाईनं सूपची वाटी घेतली. चमचा ओठांशी नेला. आवळलेले दात सैल झाले.

"भावजी, थांबू नका हं."

उस्तादची बोटं बधिर होत चालली होती, पाठीत कळ येत होती. वहिनी एकेक चमचा भरवत होती, हनुवटीवरचा ओघळ पदरानं टिपत होती. तो वाजवत राहिला. वाटीत अजून बरंच सूप होतं.