वणीच्या जीपचं चालान

आमच्या ह्यांना कुणी खोटं पाडलं, की घास उतरत नाही. चालान आलं तेव्हा तेच झालं. दिंडोरी नाक्यावर कॅमेऱ्यानं फोटो काढलेला, जीप चालू आणि ह्यांचा हात कानाला. गुन्हा काय, तर फोनवर बोलत गाडी चालवली.

आता आमच्या ह्यांचा, कोंडाजी वाघांचा, फोन माणसं घेऊन वणीच्या देवीच्या फेरीला निघताना घरी देव्हाऱ्यापाशी असतो, हे मला ठाऊक. पण बायकोची साक्ष कोण मानणार? मी म्हटलं, "अहो, दंड भरा नि मोकळे व्हा. शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये."

"मी काय चोर हाय?" म्हणाले. झालं, संपलं.

हात कानाला का, तेही मलाच ठाऊक. आमच्या जीपची रीत अशी, की नाका ओलांडला की मागं बसलेलं कुणीतरी देवीच्या नावानं पुकारा करणार आणि पहिला 'जय' ड्रायव्हरनं म्हणायचा. नाही म्हटला तर म्हाताऱ्या रुसतात. ह्यांचा डावा कान कामातून गेलेला. मग पुकारा चुकू नये म्हणून उजव्या कानामागं हात धरायचे. हे आम्ही कुणाला कळू दिलं नव्हतं. गाडीवर पोट होतं, पण पोटापेक्षा जीव जास्त होता त्यांचा गाडीवर. माणसं देवीच्या गडाच्या पायथ्याशी उतरवून आले की तोंडावर असं तेज असायचं, मला मेलीला हेवा वाटायचा जीपचा.

वकील ललित, आमच्याच गल्लीतला पोरगा. त्यानं बजावलं होतं, "काका, फोन नव्हता एवढंच बोला. पुढं एक शब्द नको." ह्यांनी मान डोलावली.

कोर्टात साहेबांनी विचारलं, "मग हात कानाला कशाला होता?"

आणि आमचा भोळा सांब सगळं सांगून मोकळा. डावा कान, पुकारा, म्हाताऱ्या, सगळं. वर म्हणतात, "साहेब, डॉक्टरचा कागदबी आणलाय." ललितनं फाइल मिटली. मी मागच्या बाकावरून पुढं सरकले.

साहेब माणूस चांगला. म्हणाले, "फोन नव्हता हे मला पटलं. तुम्ही सुटलात." मग आवाज उतरवून म्हणाले, "पण काका, तुम्ही माणसं वाहता. कानाचं आरटीओला कळवावं लागेल मला." हे दुसरं ह्यांना ऐकूच गेलं नाही. बाहेर येऊन सगळ्या स्टँडला पेढे वाटले. मला सांगवेना. मीही एक पेढा खाल्ला.

मग आरटीओचं बोलावणं आलं, तपासणी झाली आणि प्रवासी गाडीचं लायसन गेलं. साहेबांचं काय चुकलं? मागं बसलेली पण कुणाची तरी आईच असते. पण माझ्या घरातला माणूस खचला त्याचं मी काय करू?

परवा मालेगावचे मुझफ्फरभाई जीप विकत घेऊन गेले. ह्यांनी त्यांना क्लच कसा हळू सोडायचा ते तीनतीनदा समजावलं. गाडी वळणाआड गेली, तरी फाटकाशी उभेच. मी जवळ जाऊन उभी राहिले.

"कोर्टात मी जिंकलो ना गं?" त्यांनी विचारलं.

"जिंकलात की," मी मोठ्यानं म्हटलं. मग आत गेले आणि तोंडात पदर कोंबून रडले.