जळलेल्या लोखंडाचं वजन

"रोज एवढा गंज काढतेस कुठून? मला तर जाळी स्वच्छ दिसतेय," सासरे माझ्या कानाशी पुटपुटले. मी खिडकीची जाळी घासत होते आणि तांबडी पूड माझ्या कोपरापर्यंत आली होती. मी म्हटलं, उजेड कमी आहे.

गेले सहा महिने आमच्या वर्कशॉपात उजेडच कमी होता. दिवे दोनदा बदलले. परवा सासऱ्यांनी फाटकाची बिजागरी बोटभर बाजूला जोडली, तेव्हा नवऱ्याने वेल्डिंगच्या कांडीला नावं ठेवली. वेल्डिंग म्हणजे सासऱ्यांचा जीव. ते त्यांच्या हातून काढून घ्यायला कोण धजणार?

सुट्टीला नणंद आली. शाळेत विज्ञान शिकवते, त्यामुळे घरीही हातात खडू असल्यासारखी बोलते. गंज आणि आग एकाच घरातली, म्हणाली. लोखंड हवेतला ऑक्सिजन घेतं. गंजताना इतकं सावकाश, की निघालेली ऊब कुणाला कळतही नाही. झपाट्याने घेतलं की तीच ऊब साठते आणि पेटतं.

"चाळीस वर्षं लोखंडाशी संसार केलाय," सासरे म्हणाले. "ते वाकतं, वितळतं. जळत नाही."

"माझ्याशीही तेवढीच वर्षं केलात," सासूबाई चहा देत म्हणाल्या. "मी तरी कुठे कळले?"

नणंदेने खिळे तोलायच्या तराजूत स्टील वूल, म्हणजे केसासारख्या लोखंडी तारांचा पुंजका ठेवला. दुसऱ्या पारड्यात वाळू टाकून काटा मधोमध आणला. सासऱ्यांचं म्हणणं, जळलंच तर लाकडासारखं हलकं होईल. ती म्हणाली, लाकूड धूर होऊन निघून जातं. लोखंडाने घेतलेलं त्याच्यापाशीच राहतं, म्हणून जड होईल. पंच अर्थात सासरेच. तराजूपुढे त्यांनी पोटच्या पोरीलाही कधी सूट दिली नाही.

तिने काडी लावली. तारा बारीक, चहूकडून हवा. लाल ठिपके मुंग्यांसारखे आत धावत सुटले. आम्ही सगळे पोरांसारखे वाकून पाहत होतो. तारांचं पारडं हळूच खाली बसलं. काटा चांगला कलला.

सासरे काट्याला नाक टेकवून बराच वेळ पाहत राहिले.

"मधोमध आहे," ते म्हणाले. "हलला नाही."

नणंदेने माझ्याकडे पाहिलं. नवरा दिव्याकडे बघू लागला. मी उजेडाचं काहीतरी बोलणार, तोच सासूबाईंनी कप खाली ठेवला आणि सासऱ्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

"काटा हललाय," त्या म्हणाल्या. "तुम्हाला दिसत नाहीये."