टाकीवरचा माणूस

मिशनच्या कपड्यांचं काम लाँड्रीकडे आलं, त्या दिवशी सासूबाई म्हणाल्या होत्या, "चला, देव पावला नाही तर नाही, परदेश तरी पावला."

लाँड्री घराच्या पुढच्या खोलीत होती. कपडे धुण्याच्या दोन मोठ्या मशीन नवरा सांभाळायचा, इस्त्री आणि गिऱ्हाईक ती बघायची, आणि सासूबाई दाराशी स्टुलावर बसून तुटलेली बटणं लावत लावत येणाऱ्या-जाणाऱ्याची विचारपूस करायच्या. मागच्या अंगणात वाळत घालायच्या दोऱ्या होत्या. अंगणाच्या भिंतीपलीकडे उतार, उताराखाली नदी, नदीवर पूल. पुलापलीकडे दुसरा देश.

गोळीबार थांबवण्याचा करार झाला, तेव्हा तो पाळला जातोय की नाही हे बघायला अनेक देशांची मिळून ही मिशनची माणसं आली होती. त्यांची जॅकेटं निळी, म्हणून गावाने त्यांना 'निळे' म्हणायला सुरुवात केली. पहिल्या महिन्यात त्यांनी चौकातली पाण्याची टाकी दुरुस्त करून दिली. गोळ्यांनी तिची चाळणी झाली होती. नळाला पाणी आलं तेव्हा बायका नळाशी उभ्या राहून रडल्या होत्या.

तेव्हा केमिस्ट स्वतःचे पांढरे कोट घेऊन इस्त्रीला आला आणि काउंटरवर वाकून म्हणाला, "वहिनी, माझ्या दुकानावरचा मजला रिकामाच पडलाय. साहेबांच्या कानावर घाला की. त्यांना ऑफिसला जागा लागेलच."

तिने मिशनच्या दुभाष्याला सांगितलं. दुभाष्या याच गावचा होता, रोज गाठोडं घेऊन यायचा. पण मिशनने शाळेजवळची इमारत घेतली. त्या दिवसापासून केमिस्ट निळ्यांना पाण्यात पाहू लागला. अर्थात तेव्हा कुणी त्याच्याकडे लक्ष दिलं नाही.

मग रेडिओवर राजधानीतली भाषणं सुरू झाली. पाहुणे म्हणून आलेले मालक होऊ पाहताहेत, असं रोज संध्याकाळी कुणीतरी गरजायचं. लाँड्रीत त्याचे पडसाद उमटायचे. पेन्शनवरचा बसड्रायव्हर म्हणायचा, "हे गेले ना, तर उद्या पलीकडचे आपल्या अंगणात चहा पितील." त्याच्या मागे उभी असलेली शाळेतली बाई म्हणायची, "उलट हे आहेत म्हणूनच पलीकडच्यांना आपल्या चुलीत काय शिजतंय ते कळतं. नदीचे फोटो कशाला काढतात सांगा?" दोघं बराच वेळ वाद घालायचे आणि एकाच रस्त्याने बोलत घरी जायचे.

तिला स्वतःला यात काही म्हणायचं नव्हतं. तिच्या लेखी ती जॅकेटं होती. एकाच्या खिशात नेहमी चॉकलेटचे कागद सापडायचे, एकाची कॉलर शाईने माखलेली असायची.

एक दिवस शाळेतल्या बाईने काउंटरवर पिशवी ठेवली, पण हात पिशवीवरून काढला नाही. "आमचे कपडे तुम्ही त्यांच्या कपड्यांबरोबर एकाच मशीनमध्ये घालता का?"

दारातून सासूबाई म्हणाल्या, "छे हो! त्यांचे कपडे आम्ही परदेशात नेऊन धुतो."

बाई हसली नाही. पिशवी उचलून गेली आणि पुन्हा आली नाही. मग बाकीचेही कमी होत गेले. आधी शेजारचे, मग ओळखीचे, मग नातेवाईक. बसड्रायव्हर तेवढा यायचा, पण मागच्या दाराने.

"असं चालायचं नाही," नवरा म्हणाला. "चार लोकांत दिसायला हवं." तो निळ्यांविरुद्ध उभ्या राहिलेल्या रक्षक समितीत जाऊ लागला. समितीची बैठक केमिस्टच्या दुकानावर, त्याच रिकाम्या मजल्यावर भरायची. तो दंडाला पट्टी बांधून घरी आला तेव्हा सासूबाईंनी त्याला आपादमस्तक न्याहाळलं. "अरे, घरातलं झुरळ मारायला तू मला हाक मारतोस. तू कुणाचं रक्षण करणार?" तो हसला. त्याला रागवता यायचं नाही, हाच त्याचा गुण होता आणि हीच त्याची खोड. जो शेवटचा बोलेल त्याचं त्याला पटायचं.

पुढच्या आठवड्यात, इस्त्री चालू असताना तो तिच्याजवळ घुटमळला.

"त्यातलं एक जॅकेट दोन दिवस ठेवून घेता येईल?"

"कशाला?"

"केमिस्टना कापड बघायचंय. आत कसली तार-बीर विणलीय का ते."

"मी रोज इस्त्री फिरवते त्याच्यावर. तार असती तर मला नसती लागली? आणि कापड बघायचं तर कापडाच्या दुकानात जा म्हणावं."

"बरं बरं," तो म्हणाला आणि गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोरीवर एक जागा रिकामी होती. चिमटे तसेच लटकत होते. "वाऱ्याने उडालं असेल," तो म्हणाला. दोरीवरच्या चादरी भिंतीसारख्या सरळ लोंबत होत्या. तिने त्याच्याकडे पाहिलं, पण तेवढ्यात त्यांची मुलगी शाळेसाठी वेणी घालून घ्यायला आली आणि विषय तिथेच राहिला.

त्याच्या पुढच्या सकाळी चौकातला भोंगा वाजला. करार झाल्यापासून तो वाजला नव्हता. लोक घरातून बाहेर आले आणि आभाळाकडे बघू लागले. आभाळात काहीच नव्हतं. मग लाउडस्पीकरची गाडी आली. नळाचं पाणी पिऊ नका. पहाटे निळ्यांचा एक माणूस टाकीच्या शिडीवर दिसला. त्याने डब्यातून टाकीत काहीतरी ओतलं. समितीच्या माणसांनी डोळ्यांनी पाहिलं. नळाचं पाणी पिऊ नका.

नवरा पहाटे घरात नव्हता. तो आला तेव्हा त्याने शर्ट काढून न बोलता धुण्यात टाकला. तिने तो उचलला. छातीवर आणि बाह्यांवर गंजाचे आडवे पट्टे उमटले होते. लोखंडी शिडीला छाती टेकून, घाबरत घाबरत चढणाऱ्या माणसाचा शर्ट.

तिने दार लावून घेतलं. "डब्यात काय होतं?"

तो खाटेवर बसला. "काही नव्हतं गं. रिकामा डबा होता. मुलीची शपथ."

"मुलीची शपथ घालू नका."

"खरंच रिकामा होता. कुणाला काही होणार नाही. नुसतं त्यांना इथून घालवायचं आहे. एकदा गेले की सगळं पहिल्यासारखं. गिऱ्हाइकंही परत येतील." तो तिच्याकडे बघत नव्हता. "कुणीतरी चढायचंच होतं. मी नाही म्हणालो असतो तर उद्या ते माझ्याबद्दल बोलले असते."

सासूबाई आतल्या दारात उभ्या होत्या. त्यांनी ऐकलं होतं. त्यांनी पायात चप्पल सरकवली आणि सुनेला म्हणाल्या, "चल."

चौक माणसांनी फुलला होता. टाकीखालच्या नळाभोवती मात्र मोकळी जागा होती, जणू तिथे कुत्रं पिसाळून पडलंय. केमिस्ट कठड्यावर उभा राहून बोलत होता. विषाची नावं घेत होता, आणि औषधवालाच ती घेतोय म्हटल्यावर लोक माना डोलावत होते. नवराही मागोमाग आला आणि समितीच्या माणसांत जाऊन उभा राहिला.

ती नळाशी गेली. ओंजळ धरली आणि प्यायली. मागून कुणीतरी किंचाळलं. सासूबाईही ओंजळभर पाणी प्यायल्या आणि ओला हात पदराला पुसून म्हणाल्या, "गोड आहे."

"ते जॅकेट आमच्या दोरीवरचं आहे," ती म्हणाली. आवाज कापत होता, पण चौक इतका शांत झाला होता की सगळ्यांना ऐकू गेलं. "काल चोरीला गेलं. टाकीवर चढलेला माणूस त्यांचा नव्हता. आणि डबा रिकामा होता."

केमिस्ट कठड्यावरून खाली उतरला. अगदी आपुलकीने म्हणाला, "वहिनी, डबा रिकामा होता हे तुम्हाला कसं कळलं?"

तिने नवऱ्याकडे पाहिलं. तो स्वतःच्या चपलांकडे बघत होता. तिच्या मनात आलं, आता एक नाव घेतलं की हे लोक त्याला इथेच फाडतील. आपलेच दात, आपलेच ओठ. तिने पुन्हा तोंड उघडलं, पण शब्द फुटला नाही. सासूबाईंनी तिचा दंड घट्ट धरला होता. तो बोल म्हणून की बोलू नको म्हणून, ते तिला कळलं नाही. पुढेही तिने त्यांना कधी विचारलं नाही.

"आणि प्यायलात ते?" केमिस्ट म्हणाला. मग लोकांकडे वळून, आवाज न चढवता, "उतारा आधीच घेतला असेल, तर माणूस काहीही पिऊ शकतो."

उतारा हा शब्द गर्दीतून मागे मागे जाताना तिला ऐकू आला. रोज मागच्या दाराने येणारा बसड्रायव्हर तिच्याकडे टक लावून बघत होता. त्याच्या डोळ्यांत राग नव्हता. भीती होती. तेच तिला सोसवेना.

निळ्यांनी पाणी तपासलं आणि स्वच्छ असल्याचं जाहीर केलं. "चोराने सांगितलं की तिजोरी शाबूत आहे," लोक म्हणाले. त्यांच्या गाड्यांवर दगड पडले, राजधानीतून आदेश निघाला, आणि आठवडा संपायच्या आत ट्रक भरले गेले. दुभाष्या उरलेले कपडे न्यायला आला. अजून ओलसर होते, तरी त्याने तसेच पिशवीत कोंबले.

"ताई, तुम्हीही निघा इथून."

"आम्ही कुठे जाणार? आम्ही इथलेच."

"मीही इथलाच होतो," तो म्हणाला.

ट्रक गेले तेव्हा लोक रस्त्याच्या दोन्ही बाजूंना उभे होते. आधी टाळ्या वाजल्या, मग त्या विरल्या. सगळे पुलाकडे बघू लागले. पुलावरची निळ्यांची चौकी उघडी पडली होती, दार वाऱ्याने आपटत होतं. पलीकडून कुणी आलं नाही. त्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. आले असते तर बरं, असं वाटावं इतकी ती शांतता जड होती. समिती बरखास्त होईल असं नवरा म्हणाला होता. समितीने पुलावर पहारा बसवला, टाकी रिकामी केली आणि नळाला साखळी घातली.

गाव ओढ्याचं पाणी पिऊ लागलं. ओढ्याला वरच्या बाजूला जनावरं बसायची. पोरांना जुलाब लागले, मग उलट्या. शाळेतल्या बाईची धाकटी मुलगी दगावली. अंत्ययात्रेत केमिस्ट पुढे होता. आता तरी पुरावा पटला ना, असं तो म्हणाला, आणि गर्दीतून हुंदके आले. पाणी ओढ्याचं होतं, टाकीचं नव्हतं, हे एकट्या डॉक्टरीणबाई बोलल्या. दुसऱ्या दिवशी त्यांच्या दवाखान्याच्या काचा फुटल्या.

घरात मात्र कुणी आजारी पडलं नव्हतं. भोंगा वाजला त्या दिवशी चौकातून परत आल्याबरोबर तिने धुण्याची मोठी पिंपं नळाखाली लावली होती. साखळी पडेपर्यंत ती काठोकाठ भरली होती. ती, सासूबाई आणि मुलगी तेच पाणी पीत होत्या. नवरा घरी फारसा नसायचाच. अंत्ययात्रेवरून तो आला तेव्हा त्याचे ओठ सुकले होते. तिने पेला भरून पुढे केला.

"कुठलं आहे?"

"पिंपातलं. टाकीचं."

त्याने पेला हातात घेतला आणि तसाच धरून बसला.

"प्या ना. डबा रिकामा होता, तुम्हाला तरी सांगायला नको."

"होता," तो म्हणाला. "मी चढलो तेव्हा रिकामाच होता." त्याने पेला उजेडाकडे धरला. "पण मी खाली उतरल्यावर कुणी वर चढलं नसेल कशावरून? त्यांच्यातलं कुणी? पोरगी उगाच मेली का?"

"अहो, आम्ही तिघी रोज हेच पितोय."

त्याने मान वर केली. बसड्रायव्हरच्या डोळ्यांत पाहिलं होतं, तेच आता तिला आपल्या माणसाच्या डोळ्यांत दिसलं. तो तिच्याकडे बघत होता, आणि तिच्या पदराआड उभ्या असलेल्या स्वतःच्या मुलीकडे. त्याने पेला हळूच खाली ठेवला. "समितीत विचारतात," तो म्हणाला. "तुमच्याच घरात कुणी कसं आजारी पडलं नाही, म्हणून."

"तुम्ही काय सांगितलंत?"

तो दंडावरची पट्टी सोडून पुन्हा बांधू लागला.

सासूबाईंनी रात्री तिची पिशवी स्वतःच भरली. सकाळच्या पहिल्या बसने तिने भावाकडे जावं असं ठरलं. "तुम्हीही चला," ती म्हणाली.

"माझं पोर इथे आहे," सासूबाई म्हणाल्या. "कसंही असलं तरी मीच जन्माला घातलंय. त्याला सोडून कुठे जाऊ? तू तुझं पोर सांभाळ." निरोपाच्या वेळी त्यांनी एकही विनोद केला नाही.

भावाचं शहर बसने दिवसभराच्या वाटेवर होतं. तिथे नदी नव्हती, सीमा नव्हती, निळे कधी आले नव्हते. भावाने स्टँडवर मुलीला खांद्यावर घेतलं, घरी वहिनीने गरम जेवण वाढलं, आणि कित्येक दिवसांनी तिच्या पाठीचा ताठा सैल झाला. जेवण झाल्यावर तिने भावाला सगळं सांगितलं. जॅकेट, शर्टावरचा गंज, रिकामा डबा. नवऱ्याचं नावही घेतलं. भावाने मध्ये एकदाही तोडलं नाही.

"फार भोगलंस," तो शेवटी म्हणाला. मग तो उठला, खुंटीवरचं स्वेटर अंगात घातलं आणि कोपऱ्यातली काठी घेतली.

"आत्ता कुठे निघालास?"

"पाळी आहे माझी. तुमच्याकडचं ऐकल्यापासून आम्हीही टाकीवर पहारा बसवलाय." तिच्या डोक्यावर त्याने मायेने हात ठेवला. "तू निर्धास्त झोप. इथे कुणाला चढू देणार नाही आम्ही."