वॉकर काढून ठेवल्यावर

करिश्मा पोलीस प्रशिक्षणाला गेली तेव्हा नंदीश सात महिन्यांचा होता. भरतीत तिची निवड आधीच झाली होती. मग दिवस गेले, म्हणून तिला पुढच्या तुकडीत घातलं. आता आलेलं बोलावणं नाकारलं असतं तर नोकरीच हातची गेली असती. पोराला तिच्या आईनं सांभाळायचं ठरलं होतं, आणि तिनं काही दिवस सांभाळलंही. पण तिच्या सुनेचं बाळंतपण जवळ आलं. एका सकाळी ती उमरग्याला आली, नंदीशला त्याच्या बापाच्या, मल्हारच्या हातात दिलं, कपड्यांची पिशवी खुर्चीवर ठेवली आणि डोळ्याला पदर लावतच परतीच्या जीपकडं गेली.

मल्हारचे आईवडील, धुळाप्पा आणि कोंडाबाई, दिवाळी झाली की मेंढरं घेऊन कर्नाटकाकडं उतरत ते पावसाच्या तोंडाला परतत. कळप एकट्या धुळाप्पाच्यानं आवरत नसे, म्हणून कोंडाबाईला बोलावणंही शक्य नव्हतं. मल्हार मात्र मेंढरांमागं गेला नव्हता. तो शिलाई शिकला होता. हायवेपासून दोन गल्ल्या आत त्यानं भाड्यानं जागा घेतली होती. पुढच्या खोलीत दुकान, मागच्या खोलीत संसार. दुकानाला चार पायऱ्यांचा ओटा होता आणि दिवसभर तिथून ट्रकांचे हॉर्न ऐकू येत.

पहिल्या आठवड्यातच त्याच्या लक्षात आलं की मशीनवर बसून पोर सांभाळता येत नाही. पायडल मारायचं तर पोर मांडीवर घेता येत नव्हतं, आणि खाली सोडलं तर ते दोऱ्याची रिळं, टाचण्या, जे सापडेल ते तोंडात घालायचं. समोरच्या किराणा दुकानाच्या वैजनाथनं सांगितलं, वॉकर आण, आमची दोन्ही पोरं त्याच्यातच मोठी झाली. मल्हार त्याच दिवशी बाजारात जाऊन घेऊन आला. खाली चाकं, मधे कापडाची बैठक, पुढं एक ट्रे. ट्रेवरचं बटण दाबलं की गाणं वाजायचं.

नंदीशला ते फार आवडलं. पायांची बोटं फरशीला टेकवून तो खोलीभर फिरू लागला. भिंतीवर आपटायचा, हसायचा, पुन्हा निघायचा. मल्हारनं दार लावून घेतलं आणि कित्येक दिवसांनी एका बैठकीत एक ब्लाउज पुरा केला. त्या रविवारी करिश्माचा फोन आला. तिकडं फोन फक्त रविवारीच मिळायचा. त्यानं तिला वॉकरमधला नंदीश दाखवला. ती त्याला हाका मारत राहिली. पोरगं स्क्रीनकडं बघायचं आणि पुन्हा ट्रेवरच्या बटणाकडं वळायचं.

गोवराची लस द्यायला तो नंदीशला घेऊन दवाखान्यात गेला तेव्हा रांगेत सगळ्या बायाच होत्या. त्यांनी त्याला पुढं जायला वाट दिली, पण त्याच्या शेजारी बाकावर कुणी बसलं नाही. नर्सबाईंनी पोर चालायला लागलं का, रांगतं का, असं विचारलं. मल्हारनं कौतुकानं सांगितलं, वॉकरमध्ये पळतंय नुसतं.

नर्सबाईंनी सुई बाजूला ठेवली. वॉकरनं पोर लवकर चालत नाही, उलट त्याला उशीर होतो, असं त्यांनी समजावलं. रांगायचं, धरून उभं राहायचं, पडायचं, हे त्याचं त्यानं करायला पाहिजे. वॉकरमधलं पोर डोळ्याचं पातं लवायच्या आत पायरीपाशी नाहीतर चुलीपाशी पोचतं, आणि एरवी जिथवर त्याचा हात गेला नसता तिथवर जातो. शेजारी माणूस उभा असला तरी त्याच्यानं धरणं होत नाही.

मल्हारनं सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "मग म्या काम कसं करू, बाई?"

"घरात बाईमाणूस न्हाय का कुणी?"

"न्हाय."

नर्सबाईंनी सुई उचलून पोराला लस टोचली. मग त्यांनी पुढच्या बाईला आत बोलावलं. त्यांचं चुकलं असं मल्हारला वाटलं नाही. त्यांच्यापाशी दुसरं काही सांगायला नव्हतं, एवढंच.

घरी येऊन त्यानं वॉकर कोपऱ्यात ठेवला, पण दोन दिवसांत पुन्हा काढला. शाळेच्या गणवेशांचं काम आलं होतं. यावेळी त्यानं कापडाची लांब पट्टी घेऊन वॉकर मशीनच्या पायाला बांधला, म्हणजे दारापर्यंत जाणार नाही. बांधलेलं नंदीशला कळलं. तो ताणून बघायचा आणि रडायचा. करडू दावणीला बांधावं तसं ते दिसायचं. मल्हारला ते बघवेना. एका दुपारी त्यानं पट्टी सोडली, दाराला आतून कडी घातली आणि इस्त्री करायला उभा राहिला.

इस्त्री टेबलावर उभी करून तो फळीवरून बटणांची डबी काढायला वळला, तेवढ्यात चाकांचा आवाज झाला. त्यानं मान वळवली तेव्हा नंदीश टेबलापाशी पोचला होता आणि खाली लोंबणारी वायर त्याच्या मुठीत होती. इस्त्री कलंडली. मल्हारनं झेप घेतली आणि काही विचार करायच्या आत डावा हात मधे घातला. तापलेला पत्रा तळव्यावर बसला. इस्त्री फरशीवर पडली. नंदीशला काही झालं नाही, पण आवाजानं तो घाबरला आणि किंचाळून रडू लागला.

मल्हारनं आधी बटण बंद केलं. मग एका हातानं पोराला उचलायला गेला, पण त्याचे पाय बैठकीत अडकले होते. भाजलेल्या हाताची बोटं वाकत नव्हती. तो तसाच त्याच्यापुढं फरशीवर बसला आणि पोराचं डोकं छातीशी धरलं. दोघंही रडत होते. बाहेर नेहमीसारखी रहदारी चालू होती. कुणाला हाक मारावी असं एकही नाव त्याच्या तोंडावर आलं नाही.

संध्याकाळी वैजनाथनं हात बघितला, मलम दिलं आणि म्हणाला, लक्ष ठेवायचं असतं. मल्हार व्हय म्हणाला.

रविवारी फोनवर भाजलेला हात सहज लपवता आला असता. तसा विचारही त्याच्या मनात येऊन गेला. पण फोन आल्याआल्याच त्यानं सगळं सांगून टाकलं. वॉकर, सोडलेली पट्टी, इस्त्री. करिश्माच्या मागं कुणीतरी मोठ्यानं हसत होतं.

"तुमचा हात दाखवा," ती म्हणाली.

त्यानं दाखवला.

"मला वाटलं तू रागावशील."

"मी इथं बसून कशी रागावू?" ती म्हणाली. "तुमी तिथं हाव. मी न्हाय."

तिच्या तुकडीत आणखी एक आई होती. तिच्या घरी बाउन्सर पडून होता. तारेच्या सांगाड्यावर ताणलेली कापडी खुर्ची, पोराला पट्ट्यानं आत बसवायचं आणि ते आपलं आपण झुलत राहतं. त्याला चाकं नाहीत, म्हणजे इस्त्रीपाशी जाणार नाही, असं करिश्मा म्हणाली. मैत्रिणीच्या भावानं तो एसटीनं पाठवला. मल्हारनं नंदीशला त्यात बसवलं. पहिल्या दिवशी तो झुलला. दुसऱ्या दिवशी त्यानं कण्हतकण्हत पाठ उचलली, अंग पुढं टाकलं आणि अख्खी खुर्ची नाकावर कलंडू लागली. मल्हार शेजारीच होता म्हणून निभावलं. बसता येत नाही तोवर पोराला ते ठीक असावं. हे पोर तर उठायच्या गोष्टी करत होतं.

त्यानं बाउन्सर घडी करून माळ्यावर टाकला. मग वॉकरही वर टाकला. पुढच्या रविवारी त्यानं करिश्माला सांगितलं, "ह्या दोन्ही वस्तू पोरासाठी म्हणून विकत्यात, पण खरं तर त्या माझ्यासाठी हायत. त्याला न्हाय लागत."

"मग तुमी काय करणार?"

"बघतो."

त्यानं मशीन पायडलच्या स्टँडवरून उतरवलं, त्याला हातानं फिरवायचं चाक बसवून घेतलं आणि ते खाली फरशीवर मांडलं. टेबल मागच्या खोलीत नेलं. इस्त्रीचं काम कोपऱ्यावरच्या लाँड्रीवाल्याला दिलं. टाचण्या, कात्री, रिळं उंच फळीवर गेली. दारात त्यानं आडवी फळी ठोकली, गुडघ्याच्या वर येईल एवढी. तळवा बरा झाल्यावर पोर झोपलं की तो कापडं बेतायचा आणि जागं असलं की सरळ शिवण मारायचा. काम निम्म्यावर आलं. गणवेश दुसऱ्याकडं गेले.

गल्लीतल्या बायका फळीपलीकडूनच मापाचा ब्लाउज द्यायच्या. नंदीशशी बोलायच्या, त्याला टाळ्या वाजवून दाखवायच्या. मल्हारशी तारखेपलीकडं बोलणं व्हायचं नाही. घरात बाई नसलेल्या पुरुषापाशी थांबून काय बोलायचं, हे त्यांनाही उमजत नसावं. पुरुष गिऱ्हाईक आलं तर ते खाली बसलेल्या मल्हारकडं बघून हसायचं आणि लवकर निघायचं. काही दिवस असे जायचे की संध्याकाळी तो स्वतःशीच मोठ्यानं बोलायचा, आपला आवाज ठीक आहे ना हे बघायला.

पण नंदीश रांगू लागला. मग मल्हारच्या पाठीला धरून उभा राहू लागला. शिवताना मानेवर त्याचा ओला श्वास लागायचा. कधी तो धपकन खाली बसायचा, जरा विचार करायचा आणि पुन्हा शर्ट धरायचा.

उन्हाळ्यात करिश्माला थोडी सुट्टी मिळाली. ती आली तेव्हा केस बारीक कापलेले, चेहरा उन्हानं रापलेला. फळी ओलांडून ती आत आली, गुडघ्यांवर बसली आणि तिनं हात पुढं केले. नंदीशनं तिच्याकडं पाहिलं आणि तोंड मल्हारच्या पोटात खुपसलं. तिनं खेळणं दिलं, नाव घेऊन हाक मारली. तो रडला. फोनमधली बाई आणि ही एकच, हे त्याला पटत नव्हतं.

करिश्मा उठून मागच्या खोलीत गेली. मल्हार तिच्या मागं गेला तेव्हा ती भांडी घासत होती. भांडी स्वच्छच होती.

"मला वाटायचं, तुमी एकटे पडलाव," ती पाठमोरी राहूनच म्हणाली. "पण तुमच्यापाशी हा होता. मी त्या मैदानावर दीडशे पोरींत उभी राहायचे, आणि पोर रडल्याचा आवाज यायचा कानात. कुठंच पोर नसायचं."

आपल्याला इथं कसं होत होतं ते मल्हारलाही सांगावंसं वाटलं, पण ते सांगायची ही वेळ नव्हती. त्यानं नंदीशला तिच्यापुढं फरशीवर बसवलं आणि म्हणाला, "मी जरा बाहेर बसतो. मी असलो की तो तुझ्याकडं यायचा न्हाय."

तो ओट्यावर जाऊन बसला. आत पोर रडू लागलं. फार रडलं. वैजनाथनं दुकानातून विचारलं, पोर रडतंय, आत का जात न्हाईस? मल्हारनं मान हलवली. करिश्माचा आवाज मधूनमधून येत होता, ती काय म्हणते ते कळत नव्हतं. पुष्कळ वेळानं रडण्याच्या जागी हुंदके आले, आणि मग तेही थांबले. तो उठला नाही.

सुट्टी संपेपर्यंत नंदीश तिच्या कडेवर राहू लागला होता. बसस्टँडवर निरोप देताना मात्र तो मल्हारच्या खांद्यावर झोपलेला होता, म्हणून करिश्मा गेल्याचं त्याला कळलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तो रांगत मागच्या खोलीत गेला, इकडंतिकडं बघितलं आणि परत आला.

आभाळ भरून यायला लागलं होतं. एका मंगळवारी दुपारी नंदीशनं मल्हारची पाठ सोडली, हात पसरून तीनचार पावलं टाकली आणि दारातल्या फळीला जाऊन धरलं. मग वळून बघितलं. दुकानात तिसरं कुणी नव्हतं. मल्हारनं करिश्माला लिहिलं, आज पोर चाललं. रविवारपर्यंत ती ते वाचणार नव्हती. त्यानं फोन खाली ठेवला, खोलीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसला आणि हात पुढं केले.