वाचून दाखवलेली जाहिरात

"ही मी अडवली?" काका स्क्रीनला नाक लावून विचारत होते. "मीच?"

वेबसाइटी आणि त्यांवरच्या जाहिराती गाळायचं आमचं ऑफिस. एकेका जाहिरातीला आठ सेकंद मिळायचे. तेवढ्यात तिला आरोग्य, खरेदी, जुगार, अश्लील अशा कुठल्यातरी खान्यात टाकायचं. शाळा, दवाखाने, वाचनालयं आमची चाळणी लावत. अश्लील ठरलेलं तिथे उघडत नसे.

काका पूर्वी वर्तमानपत्रात छोट्या जाहिरातींच्या खिडकीत बसत. जाहिरात आणणाऱ्यालाच ती मोठ्याने वाचून दाखवायची, त्याने 'बरोबर' म्हटलं की मगच शिक्का, ही त्यांची रीत. हे त्यांनी इतक्यांदा ऐकवलं की आम्ही त्यांना खिडकीवाले काका म्हणायला लागलो. तेव्हा मला जांभया यायच्या. आता कुणी ते सांगत नाही, तर ऑफिस सुनं सुनं वाटतं.

तक्रार एका शिवणकाम करणाऱ्या बाईंची होती. ऑपरेशनमध्ये स्तन काढावा लागलेल्या बायकांसाठी त्या पोलक्याच्या आत घालायचे कापसाचे मऊ उभार शिवत. 'स्तन' एवढा एक शब्द बघून काकांनी पान अश्लीलमध्ये ढकललं होतं. आठ महिने ते एकाही दवाखान्यात उघडलं नव्हतं. अंतर्वस्त्रांच्या बड्या कंपनीच्या जाहिराती मात्र विश्वासार्ह यादीत. त्यांच्या वाटेला कुणी जात नसे.

खाना बदला आणि विषय संपवा, तक्रारदाराशी बोलायचं नाही, असं आमच्या वरिष्ठ मॅडमनी बजावलं. काकांनी खाना बदलला. बड्या कंपनीलाही हीच चाळणी लावा, असं लेखी दिलं. आणि मॅडमच्या देखत फोन उचलला. कानाने कमी ऐकू येई, म्हणून स्पीकर चालू.

"ताई, तुमची जाहिरात मी न वाचताच अडवली होती. आता वाचून दाखवतो. चुकलं तर सांगा."

खिडकीतल्या त्या जुन्या आवाजात ते सावकाश वाचत गेले. 'माप घरी येऊन घेऊ' इथे मात्र अडखळले. काकूंनी तशाच ऑपरेशननंतरची शेवटची दोन वर्षं उशीतला कापूस रुमालात बांधून काढली होती. असं काही शिवून मिळतं, हे त्या घरात कुणाला ठाऊकच नव्हतं. मला फार वाईट वाटलं.

"दादा," पलीकडून बाईंनी विचारलं, "तुमच्या घरी कुणाला हवंय का?"

"हवं होतं," काका म्हणाले.

मग राहिलेल्या दोन ओळी त्यांनी वाचल्या, आणि तिकडून 'बरोबर' येईपर्यंत फोन खाली ठेवला नाही.